किंचाळणारा फॅन बेल्ट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंजिनाच्या क्रँकशाफ्टची ताकद अल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर यांच्यापर्यंत पोचवणारा रबरी पट्टा म्हणजे ड्राइव्ह बेल्ट. गॅरेजमधल्या बोलीत फॅन बेल्ट. ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत हाच बेल्ट रेडिएटरमागचा पंखाही फिरवीत असे, म्हणून हे नाव रुळले. 1983 ते 2014 या काळात बनलेल्या मारुती 800 मध्ये पंख्याला स्वतंत्र विजेची मोटर आली. बेल्टकडे अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप राहिले, पण नाव बदलले नाही. अशा साध्या रचनेच्या जुन्या गाडीचा बेल्ट दोन-तीन पाने आणि एक टॉमी (रेटा देण्याची लोखंडी कांब) एवढ्या सामानावर घरी बदलता येतो. काम फसते ते बहुधा पुढील समजुतींमुळे.

गैरसमज 1: आवाज आला म्हणजे बेल्ट खराब झाला.

वस्तुस्थिती: किंचाळी हे बेल्ट घसरत असल्याचे लक्षण आहे, घसरण्याची कारणे अनेक. व्ही आकाराचा बेल्ट पुलीच्या खाचेत पाचरीसारखा बसतो. त्याच्या दोन्ही कडा खाचेच्या भिंतींना घट्ट धरतात, तळाला तो टेकत नाही. पकड कमी पडली की रबर क्षणभर चिकटते, क्षणभर सुटते. सेकंदाला असंख्य वेळा होणाऱ्या या चिकट-सुटीच्या कंपनातून तो कर्कश आवाज निघतो. स्टार्टर मारल्यानंतर बॅटरी भरून काढण्यासाठी अल्टरनेटरवर मोठा भार येतो, म्हणून आवाज सकाळी जास्त येतो; पावसाळ्यात ओलसर बेल्टमुळे तो वाढतो. मिनिटभराने आवाज थांबला तरी दोष गेलेला नसतो, फक्त भार उतरलेला असतो.

कारण ओळखायला पाण्याची चाचणी सोपी आहे. इंजिन चालू असताना, हात आणि कपडे दूर ठेवून, स्प्रेच्या बाटलीने बेल्टच्या आतल्या बाजूवर थोडे पाणी मारावे. आवाज वाढला तर ताण कमी आहे. आवाज थोडा वेळ थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नसण्याची शक्यता मोठी. अशा वेळी नवा बेल्टही काही दिवसांत चिवचिवू लागतो. बेल्टवर तेल किंवा कूलंट ठिबकत असेल, तर आधी गळती बंद करावी लागते. तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते.

गैरसमज 2: साबण, मेण किंवा स्प्रे लावला की काम होते.

वस्तुस्थिती: आवाज काही काळ दबतो, कारण तसेच राहते. साबण आणि मेण पकड कमी करतात, चिकट स्प्रेवर धूळ बसते आणि तीच धूळ पुढे बेल्ट व पुली घासते. रॉकेल किंवा पेट्रोलने बेल्ट पुसणे रबराला घातक असते.

गैरसमज 3: जेवढा घट्ट, तेवढा चांगला.

वस्तुस्थिती: जादा ताणाचा भार अल्टरनेटर आणि पाण्याच्या पंपाच्या बेअरिंगवर पडतो. किंचाळी जाते, पण पुढे बेअरिंगची घरघर सुरू होते आणि पंप गळू लागतो. बेल्टच्या तुलनेत हा खर्च कितीतरी मोठा. दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब टप्प्याच्या मध्यावर अंगठ्याने जोर देऊन दाबल्यावर बेल्ट साधारण 10 मिलिमीटर दबावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. तोच प्रमाण मानावा.

गैरसमज 4: भेगा नाहीत, म्हणजे बेल्ट ठणठणीत.

वस्तुस्थिती: हा नियम जुन्या निओप्रीन रबराचा. नव्या ईपीडीएम रबराला भेगा फारशा पडत नाहीत. टायरसारखे ते झिजते. कंगोऱ्यांच्या सपाट बेल्टमध्ये कंगोऱ्यांमधल्या खाचा रुंद होतात आणि बेल्ट पुलीत खोल बसतो. व्ही बेल्टच्या कडा काचेसारख्या चकाकू लागल्या, तर रबर भाजून कडक झाले असे समजावे. पुलीच्या खाचेचा तळ घासून चकचकीत दिसत असेल, तर बेल्ट तळाला टेकतो आहे आणि त्याची पाचर निकामी झाली आहे. पुलीच झिजली असेल, तर नवा बेल्टही तळाला टेकेल.

गैरसमज 5: लांबी जुळली की कोणताही बेल्ट चालतो.

वस्तुस्थिती: रुंदी आणि घडणही जुळावी लागते. ‘एव्ही 10 × 900’ म्हणजे वरच्या बाजूला 10 मिलिमीटर रुंद आणि 900 मिलिमीटर लांब व्ही बेल्ट. ‘6 पीके 1200’ म्हणजे सहा कंगोऱ्यांचा, 1200 मिलिमीटर लांब सपाट बेल्ट. जुना बेल्ट ताणलेला आणि झिजलेला असतो, म्हणून त्याला दोरी लावून माप घेण्यापेक्षा त्यावर छापलेला क्रमांक किंवा गाडीचे मॉडेल आणि वर्ष दुकानात सांगावे.

गैरसमज 6: बेल्ट तुटला तरी घरापर्यंत जाता येते.

वस्तुस्थिती: पाण्याचा पंप याच बेल्टवर असेल, तर बेल्ट तुटताच पाणी फिरायचे थांबते. काही मिनिटांत इंजिन तापते. हेड गॅस्केट जाऊ शकते, सिलिंडर हेड वाकू शकते. बॅटरीचा लाल दिवा लागला आणि तापमानाचा काटा चढू लागला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करावे.

गैरसमज 7: फॅन बेल्ट आणि टायमिंग बेल्ट एकच.

वस्तुस्थिती: टायमिंग बेल्ट दातेरी असतो, झाकणाच्या आत असतो आणि क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांचा मेळ राखतो. तो चुकीचा बसला तर इंजिन बिघडते. येथे सांगितलेले काम फक्त बाहेरून दिसणाऱ्या बेल्टचे आहे.

बदलण्याचा क्रम

इंजिन पूर्ण थंड असावे. किल्ली काढून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे. अल्टरनेटरच्या जाड वायरमध्ये कायम वीज असते आणि काही गाड्यांत विजेचा पंखा किल्ली नसतानाही सुरू होतो. जुना बेल्ट कोणत्या पुलीवरून कसा जातो, याचा फोटो काढावा. एसीचा वेगळा बेल्ट बाहेरच्या बाजूला असेल, तर तो आधी काढावा.

अल्टरनेटरचा आधाराचा बोल्ट आणि लांबट खाचेच्या पट्टीतला बोल्ट सैल करावा, पूर्ण काढू नये. अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलला की बेल्ट सैल होऊन निघतो. आता प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी. खरखर लागली, पुली डगमगली किंवा पंपाच्या खाली पाण्याचे डाग दिसले, तर दोष बेल्टपुरता नाही. खाचा कोरड्या फडक्याने पुसाव्यात.

नवा बेल्ट हातानेच चढवावा. स्क्रूड्रायव्हरने पुलीच्या काठावरून ओढला, तर आतले ताणधागे तुटतात. बाहेरून काही दिसत नाही, पण बेल्ट अकाली जातो. नंतर टॉमीने अल्टरनेटर बाहेर रेटून ताण आणावा. टॉमीचा जोर मागच्या जाळीदार भागावर न देता पुढच्या भक्कम भागावर द्यावा, कारण ॲल्युमिनियमचे कवच तडकू शकते. पट्टीतला बोल्ट आधी आवळावा, मग आधाराचा, आणि ताण पुन्हा तपासावा.

टर्मिनल जोडून इंजिन सुरू करावे, हेडलाइट आणि एसी लावून भार द्यावा. बेल्ट गप्प राहिला, बॅटरीचा दिवा विझला आणि मीटरवर बॅटरीच्या टोकांत साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसले, तर अल्टरनेटर नीट फिरतो आहे. नवा व्ही बेल्ट खाचेत बसताना थोडा सैलावतो. म्हणून सुमारे 15 मिनिटे इंजिन चालवून, ते बंद करून थंड झाल्यावर ताण पुन्हा पाहावा, आणि काहीशे किलोमीटरनंतर आणखी एकदा. सपाट बेल्टला आपोआप ताण देणारा टेन्शनर असेल, तर ही फेरतपासणी लागत नाही.