कडू लागला? थांबा, घोट उतरू दे!

चहा म्हटलं की आपल्याला आठवते टपरी, आलं आणि कटिंग. चीनच्या युन्नान प्रांतात मात्र चहाची चक्क ढेप मिळते. गुळासारखीच, फक्त चपटी आणि गोल. वजन बहुतेक वेळा ३५७ ग्रॅम, आणि अशा सात ढेपांची एक चळत. हा पु-अर चहा. नावावर जाऊ नका, किंमत अजिबात ‘पुअर’ नसते!

याचं झाड आपल्या आसाम चहाचं भाऊबंदच. मोठ्या पानांची ‘असामिका’ जात. फरक पडतो तो पानं खुडल्यावर. युन्नानमध्ये ती कढईत परततात, मळतात, उन्हात वाळवतात आणि मग वाफ देऊन दाबतात. हा झाला ‘शंग’, म्हणजे कच्चा पु-अर. तो लोणच्यासारखा वर्षानुवर्षं मुरत राहतो. एवढा धीर कुणाला? म्हणून १९७३च्या सुमारास ओल्या ढिगात पानं आंबवून काही आठवड्यांत चहा तयार करायची पद्धत आली. तो ‘शौ’, म्हणजे पक्का.

खरी परीक्षा असते ती दोन-तीन वर्षांच्या कोवळ्या शंगची. चहा नीट मुरायला दहा-पंधरा वर्षं लागणार, पैसे मात्र आजच मोजायचे. मग आज जिभेने ओळखायचं काय?

कडू वेगळं, तुरट वेगळं

पहिला घोट कडू लागणारच. तो दोष नाही. बघायचं एवढंच, की कडूपणा जातो का आणि जाताना मागे काय ठेवतो. आवळा खाऊन पाणी प्यायलं की ते गोड लागतं ना? तसंच काहीसं. घशातून परत येणाऱ्या या गोडव्याला चिनी लोक ‘हुईगान’ म्हणतात. चांगल्या शंगमध्ये तो बराच वेळ रेंगाळतो. जीभ मात्र कच्चं केळं खाल्ल्यासारखी कोरडी पडली आणि तशीच राहिली, तर सावध व्हा.

वासाचंही तसंच. पहिल्याच कपात ग्रीन टीसारखा घमघमाट आला की आपण खूश होतो. पण जास्त उष्णता देऊन आज छान लागेल असा केलेला चहा पुढे नीट मुरत नाही, असं जाणकार सांगतात.

अशी घ्या टेस्ट

- झाकणाच्या छोट्या कपात १०० मिलिलिटर पाण्याला सात ग्रॅम चहा. पाणी उकळतं हवं.
- पहिलं पाणी ओतून टाका. मग दहा-दहा सेकंदांचे कप काढा. हळूहळू वेळ वाढवा.
- निकाल पहिल्या कपावर नको. सहाव्या-सातव्या कपातही चव टिकली तर पानात दम आहे.
- शेवटी भिजलेली पानं उलगडून बघा. मऊ, लवचिक, अख्खी असतील तर उत्तम. करपलेले डाग किंवा नुसता चुरा नको.
- उपाशीपोटी पिऊ नका, पोटात ढवळतं.

कागद वाचू नका, चहा प्या

वेष्टनावर काहीही छापता येतं. ‘शेकडो वर्षं जुनं झाड’, ‘लाओ बानझांग’... या गावाचा चहा इतका महाग, की त्याच्या नावाने भरपूर नकली माल विकला जातो. लोक कच्च्या ढेपा शेअरसारख्या साठवू लागले आणि २००७ मध्ये चढलेले भाव धाडकन कोसळले. तेव्हा अनेकांच्या घरात उरल्या त्या फक्त ढेपा. त्या निदान पिण्यालायक तरी होत्या का, हे ठरवायला जीभच कामी येणार होती.

म्हणून हा नाद लागलाच, तर पॉकेटमनी अख्ख्या ढेपेत घालू नका. आधी पंचवीस ग्रॅमचा नमुना मागवा. तीन वेगवेगळ्या दिवशी प्या, जे जाणवेल ते दोन ओळींत लिहून ठेवा. आणि तो चहा आज, आत्ता प्यायला आवडत असेल, तरच ढेप घ्या.