पाणी कुठून जातंय?

कापसाचा हंगाम लागला की सेलूत जिनिंगच्या वाटेवर जुने ट्रक दिसू लागतात. त्यातलाच एखादा ड्रायव्हर गॅरेजात येऊन म्हणतो, "मिस्त्री, गाडी पाणी खातेय." लाखो किलोमीटर धावलेलं, सहा सिलिंडरांचं ५.९ लिटर टाटा कमिन्स इंजिन. खाली थेंब नाही, तरी रोज रेडिएटर भरावा लागतो.

मुरलेला मिस्त्री लगेच पाना उचलत नाही. गाडी रात्रभर उभी ठेवतो, खाली पुठ्ठा अंथरतो. गरम इंजिनावरचा थेंब जागीच वाळतो, मागे हिरवट-पांढरा चट्टा राहतो. इंजिन गार झालं की धातू आणि रबर आकसतात, होजची पकड ढिली होते आणि पहाटे पुठ्ठा ओला सापडतो. थेंब पडला तिथंच गळती असेल असं मात्र नाही. पंख्याचा वारा पाणी मागे ढकलतो, म्हणून चट्ट्याचा माग वर आणि पुढे काढावा लागतो.

बऱ्याचदा हा माग वॉटर बॉडीपाशी, म्हणजे वॉटर पंपापाशी थांबतो. तिच्या खालच्या अंगाला एक बारीक छिद्र असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं, यासाठी ते मुद्दाम ठेवलेलं असतं. काहीजण त्यात एम-सील भरतात. हे पाहून मला फार वाईट वाटतं. इशारा तेवढा बुजतो आणि पुढे बेअरिंग जातं.

बाहेर सगळं कोरडं असेल तर गार रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावायचा आणि झाकणावर लिहिलेला दाब भरायचा. काटा उतरला, पण थेंब दिसला नाही, तर संशय इंजिनाच्या पोटात जातो. गार इंजिन सुरू करताच वरचा होज कडक झाला, रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबेनात, तर सिलिंडरचा वायू पाण्यात शिरतोय. बहुधा हेड गॅस्केट. ऑइल कूलर फुटला असेल तर खूण वेगळी. चालत्या इंजिनात ऑइलचा दाब पाण्याहून जास्त, त्यामुळे रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग येतो. इंजिन बंद केल्यावर ऑइलचा दाब जातो, पाण्याचा काही वेळ टिकतो. मग पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि गेजपट्टीवर दुधाळ चहाचा रंग दिसतो. अशी गाडी पुन्हा सुरू करू नये. बेअरिंगं खराब होतात.

कूलंटऐवजी नुसतं बोअरचं पाणी भरण्याची सवय इथंच महागात पडते. क्षारांचा थर साचतो, गंज धरतो. म्हणून दुरुस्तीआधी मिस्त्री जुनं पाणी बादलीत काढून त्याचा रंग मालकाला दाखवतो.