भरीव कॅमेरा, पोकळ कॅमेरा

एखादी वस्तू विकत घेण्यापूर्वी आपण ती हातात घेऊन जरा वर-खाली करतो, बोटाने टकटक वाजवून पाहतो आणि मग निकाल देतो : 'चांगली भरीव आहे' किंवा 'अगदीच पोकळ वाटते'. पातेले असो, कुलूप असो की कॅमेरा असो, ही परीक्षा ठरलेली. या परीक्षेत हात नेमके काय मोजतो, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने ते विचारले पाहिजे, आणि त्यासाठी एका गाजलेल्या कॅमेऱ्याचे उदाहरण फार सोयीचे आहे.

१९७६ साली जपानच्या कॅनन कंपनीने एई-१ हा कॅमेरा बाजारात आणला. कॅमेऱ्याच्या आत एक छोटा विद्युत्-गणक बसवून त्याच्याकडून छिद्राचा आकार ठरवून घ्यायचा, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. दंतचक्रे, तरफा, स्प्रिंगा यांची बरीच कामे विजेच्या मंडलांकडे गेल्यामुळे नेहमीच्या कॅमेऱ्यापेक्षा यात सुमारे ३०० भाग कमी लागले. कॅमेरा स्वस्त झाला आणि लाखोंनी खपला. पण त्याच कंपनीचा १९७१ चा एफटीबी ज्यांनी वापरला होता, त्यांच्यापैकी अनेकांच्या हाताला तो पटेना. आधीचा कसा दगडासारखा घट्ट, आणि हा डबीसारखा पोकळ!

या तक्रारीत तथ्य किती? आधी वजन करू. भिंग काढून ठेवले तर एफटीबी ७५० ग्रॅम भरतो आणि एई-१ ५९० ग्रॅम. आता आकार पाहा. एफटीबी १४४ मिलिमीटर लांब, ९३ उंच आणि ४३ जाड; एई-१ १४१ लांब, ८७ उंच आणि ४८ जाड. कोपरे गोलसर आहेत हे विसरून सरळ गुणाकार केला, तर पहिल्याचे घनफळ सुमारे ५७६ घन सेंटिमीटर येते आणि दुसऱ्याचे सुमारे ५८९. म्हणजे नवा कॅमेरा आकाराने तसूभर मोठाच, वजनाने मात्र शेकडा एकवीसने कमी. वजनाला घनफळाने भागा. एफटीबीची सरासरी घनता १.३ आणि एई-१ ची जवळजवळ बरोबर १ येते, म्हणजे पाण्याइतकी! (गोलाई धरली तर दोन्ही आकडे थोडे वाढतील. ती अचूक काढण्यासाठी आर्किमिडीजची पाण्यात बुडवण्याची रीत कृपा करून कोणी वापरू नये.)

म्हणजे हात जे मोजतो ते नुसते वजन नव्हे, त्यात आकाराचाही हिशेब असतो. आणि हा हिशेब हात वस्तू उचलण्यापूर्वीच मांडून ठेवतो. डोळ्यांनी वस्तूचा आकार आणि तिचा पदार्थ पाहिला, की मेंदू स्नायूंना किती जोर लावायचा ते आधीच कळवतो. फ्रान्समधील वैद्य शार्पांतिए यांनी १८९१ मध्ये दाखवून दिले, की सारख्याच वजनाचे दोन गोळे दिले तर लहान गोळा माणसाला अधिक जड वाटतो. मोठ्यासाठी आपण अधिक जोराची तयारी केलेली असते. तेवढे वजन न मिळाल्यामुळे तो हलका भासतो. दोन्ही गोळे तराजूत घालून वजन सारखे आहे हे डोळ्यांनी पाहिले, तरी हाताचा भ्रम जात नाही. तुम्हीही हा प्रयोग एक लहान आणि एक मोठा डबा घेऊन, वाळू भरून वजने सारखी करून, घरी करू शकता. पदार्थाबाबतही तसेच होते. जी वस्तू धातूची दिसते पण धातूची नसते, ती आहे त्याहूनही हलकी वाटते.

आणि एई-१ नेमका असाच होता. त्याचे वरचे झाकण साच्यात दाबून काढलेल्या एबीएस नावाच्या प्लास्टिकचे होते, पण त्यावर धातूचा थर चढवून ते हुबेहूब धातूसारखे केलेले होते. एफटीबीचे झाकण खरोखरीच पितळेचे. काळ्या रंगाचा एफटीबी वर्षानुवर्षे वापरला, की कोपऱ्यांवरचा रंग झिजून आतून पिवळे पितळ डोकावू लागते, आणि शौकिनांना ते फार आवडते. पितळेची घनता ८.५, एबीएसची १.०५. वजन कुठे गेले हे आता सांगायला नको.

डोळे फसले तरी बोट फसत नाही, याचे आणखी एक कारण आहे. सकाळच्या वेळी पितळेच्या तांब्याला हात लावा आणि त्याच खोलीतल्या प्लास्टिकच्या मगाला लावा. तांब्या गार लागतो, मग लागत नाही. खरे पाहता दोघांचे तापमान एकच आहे. फरक पडतो तो उष्णता पळवून नेण्याच्या वेगात. पितळेची उष्णतावाहकता एबीएसच्या शेकडो पट आहे. खोलीचे तापमान २० अंश सेल्सियस आणि बोटाच्या कातडीचे ३४ अंश धरले, तर गणिताने असे निघते, की पितळेला स्पर्श होताच त्या जागी तापमान सुमारे २१ अंशांवर उतरते. एबीएसला स्पर्श केला तर ते ३० अंशांच्या आसपासच राहते. प्लास्टिकवर चढवलेला धातूचा थर केसाहून पातळ असतो. त्यात उष्णता साठवायला जागाच नसते, म्हणून तो डोळ्यांना पुरतो, बोटाला पुरत नाही. गारवा म्हणजे धातू, आणि धातू म्हणजे मजबूत, अशी सांगड आपल्या मनात लहानपणापासून बसलेली असते. प्लास्टिकचे कवच गार लागत नाही, म्हणून ते दुबळे ठरते!

आवाजाचेही तसेच. धातूवर टिचकी मारली तर कंपने बराच वेळ टिकतात. प्लास्टिक ती कंपने आतल्या आत जिरवून टाकते, म्हणून 'टण्' ऐवजी 'टप्' ऐकू येते. तेवढ्यावरून एखाद्याला दुबळा म्हणणे बरे नव्हे.

मग खरी मजबुती कशात? इथे 'मजबूत' या एका शब्दात आपण तीन वेगळे गुण कोंबले आहेत. पहिला ताठरपणा, म्हणजे दाबले असता न वाकणे. पितळेचा स्थितिस्थापकतेचा गुणांक एबीएसच्या चाळीसहून अधिक पट आहे. सारख्या जाडीच्या पट्ट्या घेतल्या तर पितळेपुढे प्लास्टिकचे काही चालत नाही. पण पट्टीचा ताठरपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, ही फार उपयोगाची गोष्ट आहे. जाडी दुप्पट केली तर ताठरपणा आठपट होतो. चाळीसचे घनमूळ साडेतीनच्या जवळ येते. म्हणजे प्लास्टिकचे झाकण साडेतीन पट जाड केले की ते पितळेइतकेच ताठ, आणि तरीही वजन पितळेच्या निम्म्याहून कमी. सगळे झाकण जाड करण्याचीही गरज नसते, आतून उंच, बारीक फासळ्या काढल्या तरी काम भागते. प्लास्टिकची खुर्ची उलटी करून पाहा, त्या फासळ्या तुम्हाला दिसतील.

दुसरा गुण म्हणजे धक्का बसल्यावर पूर्ववत होणे. पितळ हजारात दोन-चार भाग ताणले गेले, की ते मूळ आकाराला परत येत नाही. त्याला पोचा पडतो. एबीएस शेकडा सुमारे दोन भाग ताणले तरी परत येते. म्हणून हलक्या ठोक्याने पितळेचे झाकण चेपते आणि प्लास्टिकचे जसेच्या तसे दिसते. ठोका फार मोठा असेल तर मात्र उलट घडते. पितळ चेपून निभावून नेते, प्लास्टिक तडकते. हा तिसरा गुण, तडक न जाणे, आणि यात प्लास्टिक खरोखरच मागे आहे. जिथे भाग अरुंद असेल, खाच असेल आणि तो पुन्हापुन्हा वाकवावा लागत असेल, तिथे ते पहिल्यांदा हार खाते. एई-१ च्या बॅटरीच्या कप्प्याचे छोटे झाकण याचे चांगले उदाहरण आहे. जुन्या कॅमेऱ्यांत त्याची इवलीशी कडी मोडलेली आणि झाकण चिकटपट्टीने धरलेले पुष्कळदा आढळते. वरचे मोठे झाकण मात्र बहुधा शाबूत असते. दोष प्लास्टिकचा म्हणावा की कडी एवढी नाजूक करणाऱ्याचा? माझ्या मते दुसऱ्याचा.

कॅमेरा पडला तर? एक मीटर उंचीवरून पडताना ७५० ग्रॅमच्या कॅमेऱ्याची गतिज ऊर्जा सुमारे ७.४ ज्यूल होते, ५९० ग्रॅमच्या कॅमेऱ्याची ५.८ ज्यूल. ही सारी ऊर्जा जमिनीवर आपटताना कुठेतरी जिरावी लागते. जो जडपणा हाताला भरवसा देतो तोच पडताना घातक ठरतो.

पण कॅमेऱ्याच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची मजबुती यांपैकी कोणतीच नव्हे. ती हाताला कळतच नाही. भिंग ज्या कड्यावर बसते ते कडे आणि फिल्म यांमधले अंतर या दोन्ही कॅमेऱ्यांत ४२ मिलिमीटर आहे. हे अंतर बदलले की चित्र पुसट झाले. किती बदल चालेल? फिल्मवर ०.०३ मिलिमीटर व्यासाचा ठिपका डोळ्याला बिंदूच वाटतो, असे धरण्याची पद्धत आहे. भिंगाचे छिद्र नाभीय अंतराच्या १.८ व्या हिश्शाइतके मोठे उघडले असेल, तर समरूप त्रिकोणांवरून उत्तर येते : ०.०३ गुणिले १.८, म्हणजे ०.०५४ मिलिमीटर. वहीच्या एका पानाची जाडी याहून अधिक असते!

आता समजा, हे अंतर राखणारा सांगाडाही नुसत्या एबीएसचा केला असता. नागपूरची डिसेंबरातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत तीस अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्या फरकाने एबीएसचा ४२ मिलिमीटरचा तुकडा सुमारे ०.१ मिलिमीटरने प्रसरण पावतो. हे मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट झाले. अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा ०.०३ मिलिमीटरच्या आतच राहतो. म्हणून एई-१ च्या रचनाकारांनी कवचाला प्लास्टिक वापरले तरी आतला सांगाडा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, साच्यात ओतूनच केला. जिथे धातू हवा तिथे धातू ठेवला. जिथे तो केवळ हाताच्या समाधानासाठी होता तिथून काढला. हाताने तक्रार केली ती नेमकी या दुसऱ्या जागेबद्दल.

ही तक्रार पुढेही ऐकू येत राहिली. निकॉनचा डी७०० हा अंकीय कॅमेरा २००८ साली आला, वजन ९९५ ग्रॅम. त्यामागून २०१२ मध्ये डी८०० आला तो ९०० ग्रॅमचा. या वेळी प्लास्टिकला दोष द्यायला जागा नव्हती, कारण दोन्हींचा देह मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचाच. मॅग्नेशियम हा मोठा गमतीचा धातू आहे. घनता अवघी १.७, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्याही दोन-तृतीयांश, पण उष्णता वाहून नेण्यात तो अस्सल धातूच. बोट म्हणते 'गार आहे, धातू आहे' आणि मनगट म्हणते 'हलका आहे, धातू नव्हे'. दोन साक्षीदारांचे असे पटेनासे झाले की ग्राहक गोंधळतो.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी कपाटात असा जुना फिल्मचा कॅमेरा असेल, तर त्याची खरी मजबुती तपासण्याची एक सोपी रीत सांगतो. आत फिल्म नाही याची आधी खात्री करा. मग मागचे झाकण उघडा आणि फिल्म ज्या दोन पट्ट्यांवरून सरकते त्यांवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताणून चिकटवा. कापडी पडद्याला बोट लागू देऊ नका, तो फार नाजूक असतो. भिंगाचे छिद्र पूर्ण उघडा, अंतराची खूण अनंतावर आणा, झडपेची चकती 'बी' वर ठेवा आणि कळ दाबून धरा. दूरच्या पाण्याच्या टाकीकडे किंवा डोंगराच्या कडेकडे कॅमेरा रोखला, की कागदावर उलटे चित्र उमटेल. डोक्यावर काळे कापड घेतले तर ते अधिक स्पष्ट दिसेल. मधोमध आणि डाव्या-उजव्या कडांना ते सारखेच रेखीव असेल, तर ४२ मिलिमीटरचा हिशेब अजून शाबूत आहे. एक बाजू रेखीव आणि दुसरी पुसट दिसली, तर कॅमेरा केव्हातरी पडला आहे आणि भिंगाचे कडे तिरके झाले आहे, असा संशय घ्या. मग तो हाताला कितीही भरीव लागो. एफटीबीवर हा प्रयोग बॅटरीशिवायही होईल, कारण त्याची झडप निव्वळ स्प्रिंगांवर चालते आणि बॅटरी लागते ती फक्त प्रकाश मोजायला. एई-१ असेल तर आधी ६ व्होल्टची बॅटरी घाला. तिच्याशिवाय झडप उघडणारच नाही.