भानामतीचा वाडा

दोरीवर वाळत घातलेलं लुगडं भरदुपारी पेटतं. कवेलूंवर दगड येऊन आदळतात. पेटीत घडी घालून ठेवलेले कपडे कातरलेले निघतात आणि शाळकरी पोरीच्या दंडावर काळ्या फुल्या उमटतात. वर्धा जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना एवढं सांगितलं की पुढचा शब्द तेच उच्चारतात : भानामती.

भुताच्या व्हिडिओ गेमची मांडणीही अशीच. बंद घर, विपरीत घटना, खोल्याखोल्यांतून शोध. कॅपकॉमच्या १९८९ च्या ‘स्वीट होम’ने ही वाट पाडली, १९९६ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ने ती जगभर नेली. टेक्मोच्या २००१ च्या ‘फेटल फ्रेम’मध्ये तर कॅमेऱ्यानेच भुतं टिपायची. अमेरिकेत तो विकताना ‘सत्यकथेवर आधारित’ अशी जाहिरात झाली आणि लोक टोकियोजवळ हिमुरो वाडा शोधू लागले. तसा वाडा कुणाला सापडलेला नाही. धंद्यासाठी दंतकथाही पाडता येते म्हणायची!

आपल्या गिरडच्या दंतकथेला निदान हातात घेण्याजोगा पुरावा आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या त्या टेकडीवर, शेख फरीदांच्या दर्ग्याभोवती, वाटोळे दगड सापडतात. टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल बाबांनी दगड करून टाकला, ही कथा. त्या झिओलाइटच्या गाठी, हे भूगर्भशास्त्र. दोन्ही ऐकून घरी यावं, कुणाचं काही बिघडत नाही.

भानामतीत मात्र बिघडतं. मांत्रिक येतो, शेजारच्या एखाद्या एकट्या बाईकडे बोट दाखवतो आणि तिचं गावात राहणं मुश्कील होतं. नागपुरात १९८२ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीने, श्याम मानव यांच्या पुढाकाराने, याला दुसरी रीत घालून दिली. घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोलायचं. कपडा पेटला तेव्हा कोण कुठे होतं, आधी कुणी पाहिलं, घरात कुणाचं काय दुखतंय? फुल्यांचं गूढ बिब्ब्यात असतं. त्याचं तेल लागताच फारसं काही दिसत नाही. कातडी काळवंडते, फोड येतात ते काही वेळाने. तोवर लावणारा हात बाजूला झालेला असतो आणि फुली ‘आपोआप’ उमटते.

तो हात घरातलाच निघतो. ज्याचं घरात कुणी ऐकत नाही, असं बरेचदा ते माणूस असतं : नांदणूक जड गेलेली सून, शाळा सुटलेली पोर. हे लबाडीपेक्षा गाऱ्हाण्याच्या जास्त जवळचं आहे, असं मला वाटतं.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं गुन्हा ठरवलं. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. मांत्रिकाला तो धाक पुरेसा आहे. त्या सुनेसाठी समितीचा एक साधा दंडक अधिक कामाचा : करणाऱ्याचं नाव घरच्यांनाही सांगायचं नाही. गेममध्ये शेवटी सगळं उघड झालं नाही तर खेळणारा पैसे परत मागेल. इथे नाव फुटलं, तर मांत्रिकाने शेजारणीचं केलं तेच घरचे सुनेचं करतील.