वेब सर्व्हरवरील अतिभार

वेब सर्व्हरवरील अतिभार म्हणजे एकाच वेळी आलेल्या विनंत्या सर्व्हरच्या क्षमतेपेक्षा अधिक झाल्याने त्याचा प्रतिसाद मंदावण्याची अवस्था होय. परीक्षेचा निकाल जाहीर होताच संकेतस्थळ न उघडणे, हे तिचे परिचित उदाहरण आहे.

कारणे

अपाची सर्व्हरच्या 'प्रीफोर्क' पद्धतीत एक प्रोसेस एका वेळी एकच जोडणी हाताळते. प्रोसेसची कमाल संख्या 'मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स' या सेटिंगने ठरते. ती गाठल्यावर पुढील विनंत्या रांगेत थांबतात. मात्र ही संख्या बेसुमार वाढवल्यास प्रोसेस मेमरीत मावत नाहीत. त्यांचा काही भाग डिस्कवर हलवला जातो. यास 'स्वॅप' म्हणतात. डिस्क मेमरीहून पुष्कळ संथ असल्याने सर्व्हर आणखी मंदावतो.

निदान व उपाय

लिनक्स प्रणालीत 'व्हीएमस्टॅट' या आज्ञेने प्रोसेसर, मेमरी व स्वॅप यांची स्थिती कळते. स्वॅप सतत चालू असल्यास प्रोसेसची कमाल संख्या घटवतात. उदाहरणार्थ, सर्व्हरसाठी ३,००० एमबी मेमरी मोकळी असून प्रत्येक प्रोसेसला ३० एमबी लागत असल्यास ही संख्या १०० पेक्षा अधिक ठेवत नाहीत. मेमरी व प्रोसेसर मोकळे असूनही रांग वाढत असल्यास संख्या अपुरी असते किंवा प्रोसेस डेटाबेसच्या उत्तरासाठी खोळंबलेल्या असतात. दुसऱ्या स्थितीत संख्या वाढवून उपयोग होत नाही. डेटाबेसमधील संथ क्वेरी शोधून सुधारावी लागते.