आभासी संगणक आणि गुणाची पारख

बीदरचे बिदरीकाम आपल्या परिचयाचे आहे. जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदीची जडण पूर्ण झाली, की किल्ल्याच्या जुन्या भागातील माती नवसागराच्या पाण्यात कालवून त्या भांड्याला देतात. धातू काळा पडतो, चांदी मात्र उजळ राहते. ही माती किल्ल्यातली आहे एवढ्यावर कारागीर विसंबत नाही. तो ती जिभेवर ठेवून पारखतो आणि मगच स्वीकारतो. मातीचे नाव आणि मातीचा गुण या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्याला परंपरेने ठाऊक असते. संगणकशास्त्रातील ज्या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे, त्याचे मर्मही हेच होय.

एका मोठ्या संगणकात अनेक आभासी संगणक चालविता येतात. अशा आभासी संगणकाला स्वतःची खरी डिस्क नसते. एक मोठी फाइलच त्याला डिस्क म्हणून दिली जाते. तिला डिस्क-प्रतिमा म्हणतात. ही व्यवस्था थरांची असते. तळाशी लिनक्सच्या गाभ्यातील केव्हीएम (२००७ पासून), त्यावर फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये आरंभिलेली क्यूएमू ही आज्ञावली, तिच्यावर देखरेख करणारी लिबव्हर्ट आणि सर्वांत वर व्यवस्थापकाचा पडदा. खालच्या थरात एखादी नवी सोय आली, तरी वरच्या थराला तिची जाणीव नसेल तर ती व्यर्थ जाते. उलट, ती आहे असे वरच्याने गृहीत धरले आणि खाली ती नसली, तर काम अडते.

मग खालच्या थराची क्षमता ओळखावी कशी? आवृत्तीचा क्रमांक पाहावा, हे सहज सुचणारे उत्तर आहे. पण ते फसवे आहे. २०१० मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६ मधील क्यूएमूवर ०.१२ हाच क्रमांक राहिला, तरी पुढील आवृत्त्यांतील कित्येक सोयी त्यात मागाहून भरण्यात आल्या. क्रमांक जुना, गुण नवा! लिबव्हर्ट पूर्वी क्यूएमूचा मदतीचा मजकूर वाचून अंदाज बांधीत असे. परंतु तो मजकूर माणसांसाठी लिहिलेला, त्यातील शब्दरचना बदलली की अंदाज चुके. २०१२ मधील क्यूएमू १.२ पासून मात्र लिबव्हर्ट थेट प्रश्न विचारते: तुला कोणत्या आज्ञा समजतात? मिळालेले उत्तर ती जपून ठेवते आणि मूळ आज्ञावली बदलली की पुन्हा विचारते. एकदा घेतलेली पारख कायमची नसते, हे त्यात गृहीत आहे.

प्रतिमेच्या बाबतीत धोका अधिक असतो, कारण आज्ञावली बदलता येते, पण बिघडलेली माहिती परत मिळेलच असे नाही. क्यूकाऊ-२ या प्रतिमाप्रकाराची नवी रचना २०१२ मध्ये क्यूएमू १.१ बरोबर आली व पुढे १.७ पासून तीच प्रचलित ठरली. जुन्या संगणकावरही प्रतिमा उघडावी अशी इच्छा असेल, तर ती तयार करतानाच जुनी रचना मागावी लागते. पण ही मागणीच अधिक जुन्या साधनाला समजत नाही! म्हणून वरच्या थराने आधी साधनाकडून पर्यायांची यादी मागून घ्यावी आणि मगच आज्ञा द्यावी, हे शहाणपणाचे.

या नव्या रचनेत प्रतिमेच्या शीर्षभागी गुणांच्या तीन प्रकारच्या खुणा असतात. पहिल्या प्रकारची अनोळखी खूण दिसली, तर आज्ञावलीने प्रतिमा उघडूच नये. दुसऱ्या प्रकारची अनोळखी खूण असेल, तर दुर्लक्ष केले तरी चालते. तिसरा प्रकार मला विशेष उद्बोधक वाटतो. त्या खुणेचा अर्थ कळत नसेल आणि प्रतिमेत काही लिहावयाचे असेल, तर ती खूण पुसून टाकावी. उदाहरणार्थ, कोणते भाग बदलले याची नोंद ठेवणारा तक्ता प्रतिमेत असतो. तो न समजणाऱ्या आज्ञावलीने त्यात लिहिले, तर तक्ता खोटा पडतो. खूण पुसलेली दिसली, की पुढील आज्ञावली त्या तक्त्यावर विश्वास ठेवीत नाही, आणि अपुरी राखीव प्रत पूर्ण समजण्याचा अनर्थ टळतो. आपले अज्ञान प्रामाणिकपणे नोंदविण्याची ही रीत आहे.

या विषयाचा आपल्या भागाशी काय संबंध, असे कोणी विचारील. कर्नाटकाच्या 'भूमी' प्रकल्पाने या शतकाच्या आरंभी जमिनीच्या पहाणीचे उतारे संगणकात आणले. औराद, भालकी, बसवकल्याण वा आळंद येथील शेतकऱ्याचा हक्क आज कागदाइतकाच संगणकातील नोंदीवर उभा आहे. अशा नोंदी कोणत्याही यंत्रणेत ठेवल्या, तरी त्या सुरक्षित राहतात त्या सांभाळणाऱ्याच्या सावधपणामुळे. पुणे, हैदराबाद वा बेंगळुरू येथे संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी एवढेच ध्यानी ठेवावे: क्रमांकावरून तर्क करू नये, प्रत्यक्ष विचारावे, उत्तर समजले नाही, तर पुढे जाण्याऐवजी थांबावे. माती जिभेवर ठेवणारा आपला कारागीर हेच करीत आला आहे.