नेकनूरच्या बाजारालाही कार्ड हवे

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून केजच्या दिशेने निघाले की बालाघाटाच्या पठारावर नेकनूर लागते. कागदोपत्री हे बीड तालुक्यातले एक गाव. व्यवहारात मात्र ती भोवतालच्या वाड्या-वस्त्यांची पेठ आहे. इथे पोलिस ठाणे आहे, सरकारी रुग्णालय आहे, आठवडी बाजार आणि जनावरांचा बाजारही भरतो. बंकटस्वामी महाराजांमुळे वारकरी संप्रदायात गावाचे नाव आदराने घेतले जाते. बाजाराच्या दिवशी पंचक्रोशीतली माणसे इथे येतात, इथलेच पाणी पितात, पालातली भजी खातात, मटण आणि भाजीपाला घेऊन परततात. सार्वजनिक आरोग्याचा भार असा शहराएवढा पडतो, पण तो पेलायला यंत्रणा गावाचीच आहे. नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक असतो. ग्रामपंचायतीत ते पदच नसते. त्यामुळे नेकनूरसारख्या बाजारगावाच्या आरोग्याचा खरा प्रश्न एकच: तपासणी कोणी करायची आणि तिचा निकाल कोणाला दिसायचा?

याचे अर्धे उत्तर महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तयार आहे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, असे वर्षातून दोनदा आरोग्य कर्मचारी गावातल्या पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करतात. विहिरीचा कठडा फुटला आहे का, हातपंपाभोवती डबके साचते का, जलवाहिनी गटारातून गेली आहे का, पाणी निर्जंतुक करणाऱ्या टीसीएल (क्लोरीनयुक्त) पावडरचा साठा आहे का, हे पाहून जोखमीचे गुण देतात. त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड राहिले आणि साथ उद्भवली नाही, तर चंदेरी. रोजची तपासणी तर आणखी सोपी. नळाचे पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात ओटी द्रावणाचे थेंब टाकायचे. पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे, पाणी तसेच राहिले तर नाही. साक्षर-निरक्षर कोणालाही हा निकाल समजतो. या पद्धतीचे बळ दंडात नाही. तपासणारा जिल्हा परिषदेचा, तपासली जाणारी ग्रामपंचायत आणि निकाल रंगातून सगळ्यांसमोर, यात ते आहे.

बाजार मात्र या पद्धतीबाहेर राहतो. खाद्यपदार्थांची तपासणी 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार अन्न व औषध प्रशासनाकडे, साथीवर लक्ष ठेवणे आरोग्य विभागाकडे, झाडलोट आणि गटारे ग्रामपंचायतीकडे. पिंपातले पाणी, मटणाच्या दुकानामागचे सांडपाणी आणि जनावरांच्या बाजारातले शेण या तिघांच्या मधल्या जागेत पडते. म्हणून बाजारतळालाही पाण्यासारखेच कार्ड द्यावे. पिण्याचे पाणी, सांडपाण्याचा निचरा, मांसविक्रीची जागा, स्वच्छतागृह आणि बाजार उठल्यानंतरची सफाई या पाच बाबी ठराविक काळाने तपासाव्यात आणि निकाल बाजाराच्या तोंडाशीच लावावा.

नियमित पाहणी हवी कशाला, हे बीड जिल्ह्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. किल्लारीच्या भूकंपाला वर्षही झाले नव्हते, तेव्हा ऑगस्ट 1994 मध्ये याच जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. त्याआधी तिथे उंदीर मरत होते, पिसवांचा उपद्रव वाढला होता. रोगाने आपली वर्दी आधीच दिली होती. पुढच्याच महिन्यात सुरतेत प्लेगची घबराट उडाली आणि लोक शहर सोडून पळाले. त्या सुरतेत 1995 पासून आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना कार्यालयाबाहेर काढून रोज रस्त्यावर पाहणी करायला लावले, अस्वच्छ खाणावळींवर कारवाई केली आणि काही काळातच ते शहर स्वच्छतेसाठी ओळखले जाऊ लागले. तहान लागल्यावर विहीर खणायची सवय रोजच्या तपासणीने मोडता येते, हे तिथे दिसले.

यावर पहिला आक्षेप येईल तो हातावर पोट असलेल्या विक्रेत्यांचा. कारवाईची कुऱ्हाड नेहमी पालवाल्यावरच कोसळते, ही तक्रार खरी आहे. म्हणूनच कार्ड बाजारतळाला द्यायचे, एकेका पालाला नव्हे. नळ, निचरा आणि स्वच्छतागृह देणे हे जागेची वसुली घेणाऱ्याचे काम आहे; ते न देता चहावाल्याला दंड करणे अन्यायाचे होईल. सोयी दिल्यानंतरही कोणी शिळे-उघडे अन्न विकत असेल, तर मात्र दया दाखवणे म्हणजे त्याच्या गरीब गिऱ्हाइकावर अन्याय करणे. दुसरा आक्षेप पैशाचा. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 या काळात ग्रामीण स्थानिक संस्थांना दिलेल्या अनुदानापैकी 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधील ठेवली होती. बाजाराची वसुली वेगळीच. तेव्हा या कामासाठी पैशाची वाटच नाही, असे म्हणता येत नाही. तिसरा आक्षेप असा की प्रबोधनाने जे साधते त्याला सक्ती कशाला? 2000-01 मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने गावेच्या गावे हातात झाडू घेऊन उभी केली, हे मान्यच आहे. पण अभियान ओसरले की ‘ये रे माझ्या मागल्या’ होते, हाही अनुभव आहे. प्रबोधनाने इच्छा जागी होते; ती टिकवायला वेळापत्रक लागते.

यासाठी नवा कायदा किंवा नवे खाते नको. सर्वेक्षणाची पद्धत आहे, कर्मचारी आहेत, रंगांची भाषा लोकांना ठाऊक आहे. ग्रामसभेने ठराव करावा, जिल्हा परिषदेने बाजारतळ सर्वेक्षणात घ्यावा आणि येत्या पावसाळ्याआधी पहिले कार्ड द्यावे. ते लाल निघाले तरी चालेल. दोष दिसला की तो दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणाची, हे गावाला विचारता येईल.